अस्थी कुणासाठी राखल्या?

कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह एका दिवसात दाखवायची तर कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो. सकाळी राजवाडा आणि चांदीच्या फरशीचं देऊळ, मग तुओल स्लेंगचा तुरुंग, जेवण, दुपारी गावाबाहेर चुंग एकची वधभूमी, येताना रशियन मार्केटमध्ये खरेदी आणि संध्याकाळी नदीत बोट. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलेली असते. माणसांना विजेचे झटके देऊन, पाण्यात बुडवून, नखं उपसून जिथे कबुलीजबाब लिहून घेतले त्या जागेला दीड तास आणि रेशमी स्कार्फ, मिरीची पाकिटं घ्यायला एक तास. (कांपोतची मिरी खरंच चांगली असते, हेही सांगून टाकतो.)

हा दिवस अंगावर येतो. कुणाला रडू फुटतं, कुणी जेवत नाही. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत वाद सुरू होतो, तसा आमच्याही गटात झाला. एक पक्ष म्हणाला, ‘सुट्टी काढून, पैसे भरून आलो, त्यात हे कशाला दाखवता?’ दुसरा म्हणाला, ‘प्रत्येकाने पाहायलाच हवं, म्हणजे पुन्हा असं घडणार नाही.’ तिसरा पक्ष, बहुधा जरा जास्त वाचणाऱ्यांचा, म्हणाला की दुसऱ्याचं मरण तिकीट काढून बघणं हेच किळसवाणं आहे, पर्यटकाने अशा ठिकाणी पाऊलच टाकू नये.

मला तिन्ही पटत नाहीत. पहिल्याला उत्तर सोपं आहे. नको वाटत असेल तर जाऊ नये, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याच्या बाजूने पुरावा नाही. तुओल स्लेंगचं संग्रहालय १९८० पासून लोकांसाठी उघडं आहे, आणि त्यानंतर १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला, १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात झाला. बघितल्याने थांबत असतं तर एव्हाना थांबलं असतं. तिसरं मत सगळ्यात सभ्य दिसतं आणि माझ्या मते तेच सगळ्यात चुकीचं आहे, कारण त्या जागेचा इतिहास न पाहता ते मांडलेलं असतं. परदेशी माणूस तिथे घुसखोर नाही. ती जागा मांडली गेली तीच त्याला डोळ्यांसमोर ठेवून. त्याला तिथे साक्षीसाठी बोलावलं आहे. साक्षीदार म्हणून आपण कसे वागतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला फारसं शोभणारं नाही.

आधी जागा. चार तीनमजली इमारती, मधे अंगण, अंगणात नारळ आणि पांढरा चाफा. लांब व्हरांडे, ओळीने खोल्या, पिवळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरश्या. आमच्यात साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. फाटकातून आत आल्या आल्या त्या म्हणाल्या, ‘अहो, ही तर आपल्या रयतच्या शाळेसारखी शाळा आहे.’ शाळाच होती ती. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या पोल पॉटच्या कम्युनिस्ट चळवळीच्या फौजा नोम पेन्हमध्ये शिरल्या आणि काही दिवसांत सुमारे २० लाख माणसांचं शहर रिकामं केलं गेलं. इस्पितळातल्या रुग्णांनाही खाटांवरून उठवून रस्त्याला लावलं. पैसा रद्द, बाजार बंद, टपाल बंद, विहार बंद, शाळा बंद. त्या ओस शहरातल्या या ओस शाळेत १९७६ मध्ये एस-२१ नावाचं गुप्त सुरक्षा केंद्र आलं. वर्गांमध्ये ओबडधोबड विटांच्या कोठड्या उठल्या, हातपाय पसरता येणार नाहीत एवढ्या. व्हरांड्यांना वरपासून खालपर्यंत काटेरी तार लागली. ती पळून जाण्याच्या भीतीने लावली असेल असं वाटतं, पण वरच्या मजल्यावरून उडी टाकून कैद्याने आपल्या मर्जीने मरू नये, हाही तिचा हेतू होता. अंगणात मुलांच्या व्यायामाची लाकडी चौकट होती. तिला माणसं उलटी टांगत आणि शुद्ध हरपली की खालच्या रांजणातल्या घाण पाण्यात त्यांचं डोकं बुडवत.

बाई फळ्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना जे सलत होतं ते मला पुढे कळलं. या केंद्राचा प्रमुख काइंग गेक एआव ऊर्फ दुच हा गणिताचा शिक्षक होता, आणि विद्यार्थिप्रिय म्हणून त्याचं नाव होतं. त्याचा वरिष्ठ सोन सेन हाही अध्यापनातलाच. खुद्द पोल पॉटने भूमिगत होण्याआधी खाजगी शाळेत शिकवलं होतं. म्हणजे अडाणी झुंडीने शाळा ताब्यात घेऊन तिची नासधूस केली, अशी ही गोष्ट नाही. ती मास्तरांनी चालवलेली यंत्रणा होती. दुच कबुलीजबाब तपासायचा, समासात शेरे लिहायचा, मजकूर अपुरा वाटला तर पुन्हा लिहून घ्यायला लावायचा. असे चार हजारांहून अधिक जबाब आजही उपलब्ध आहेत. शेतकऱ्याच्या मुलाने लिहून दिलंय की आपण एकाच वेळी अमेरिकेच्या सीआयएचे आणि रशियाच्या केजीबीचे हेर होतो. शिक्षणाने माणूस सुधारतो यावर हयात काढलेल्या बाईंना त्या खोलीत काय वाटलं असेल, हे मी त्यांना विचारलं नाही.

खरी अस्वस्थता त्यापुढच्या दालनात आहे. तिथे चेहरे आहेत. आणलेल्या प्रत्येक कैद्याचा फोटो काढला जाई आणि त्यातले पाच हजारांहून अधिक फोटो सापडले. छातीवर क्रमांक टाचलेला. काहींचा सदरा काढलेला असे, तेव्हा टाचणी कुठे टोचली असेल हे दिसतं. बायका, पोरगेले मुलगे, एका बाईच्या कडेवर तान्हं मूल. माणूस एका फोटोसमोर थांबतो, मग पुढच्या, आणि विसाव्या-पंचविसाव्या फोटोनंतर थांबणं सोडून चालू लागतो. सगळ्यांचंच असं होतं. इतकं साठवायला मनात जागाच नसते.

आपण त्या चेहऱ्यांकडे बघतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो, की हे सगळे ख्मेर रूजच्या विरोधातले असणार. डॉक्टर, प्राध्यापक, चष्मा लावणारे, परक्या भाषा येणारे. सुरुवातीच्या काळात तसे पुष्कळ होते. पण एस-२१ चं मुख्य काम पक्षाची आतली ‘सफाई’ हे होतं. १९७७ आणि १९७८ मध्ये इथे आणलेले बहुसंख्य लोक ख्मेर रूजचेच कार्यकर्ते, सैनिक, अधिकारी आणि त्यांची बायकामुलं होती. माहितीमंत्री हु निम इथेच १९७७ मध्ये मारला गेला. एखाद्या विभागाच्या प्रमुखावर संशय आला की त्याच्या हाताखालची माणसं ट्रकने आणली जात. एस-२१ चे पहारेकरी आणि चौकशी करणारेही एक दिवस त्याच कॅमेऱ्यासमोर बसवले गेले. म्हणजे भिंतीवरच्या ज्या पोराकडे बघून आपला गळा दाटतो, त्याने आदल्या वर्षी याच इमारतीत कुणाची तरी नखं उपसलेली असू शकतात. फोटोवरून ते कळत नाही. भेदरलेले डोळे सगळ्यांचे सारखेच.

मी आमच्या गाइडला विचारलं की हे तुम्ही पर्यटकांना सांगता का. ती तिशीतली, तिच्या आईला त्या एप्रिलमध्ये शहरातून चालत बाहेर काढलेलं. ती म्हणाली, ‘कुणी विचारलं तर सांगते. दीड तासात तेवढं बसत नाही.’

हे बसत नाही तिथेच माझी मुख्य तक्रार आहे. आपल्याला अशा ठिकाणी हेलावून जायचं असतं, आणि हेलावण्यासाठी निष्पाप बळी लागतो. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये मराठी माणूस जातो तेव्हा त्याला ते सहज मिळतं. सावरकरांची कोठडी, कोलू, फाशीघर, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुःख आहे, पण बाजू ठरलेली आहे. छळणारे परके, छळले गेलेले आपले, आणि शेवटी आपण जिंकलेलो. ते योग्यही आहे, कारण तिथला इतिहास तसाच आहे. तुओल स्लेंगमध्ये तीच भावना घेऊन गेलं की ती ठेवायला जागा सापडत नाही. तिथे छळणारा परका नाही. कंबोडियन माणसांनी कंबोडियन माणसांना मारलं आणि मारणारे पुढे मरणाऱ्यांच्या रांगेत आले. देशभर सुमारे पावणेचार वर्षांत १७ ते २० लाख माणसं मेली, काही मारली गेली, पुष्कळशी उपासमारीने, रोगाने आणि कष्टाने. लोकसंख्येचा हा चौथा-पाचवा हिस्सा होता. आणि हे एका वेड्या माणसाचं काम होतं असं म्हणून सुटताही येत नाही.

आता साक्षीबद्दल. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या सैन्याने नोम पेन्ह घेतलं. सैन्याबरोबरचे दोन पत्रकार कुजलेल्या वासाच्या मागावर या शाळेपर्यंत पोचले. शेवटच्या घाईत मारलेल्या १४ जणांची प्रेतं तिथे होती. अंगणातल्या पांढऱ्या समाध्या त्यांच्याच. व्हिएतनामने ही जागा ताबडतोब संग्रहालय करायला घेतली आणि ते काम माय लाम या अधिकाऱ्यावर सोपवलं. सायगावच्या युद्धगुन्हे संग्रहालयाच्या उभारणीतही तोच होता. सुरुवातीला इथे परदेशी पाहुणे आणि शिष्टमंडळं आणली गेली. सामान्य कंबोडियन लोकांसाठी दारं उघडली ती १९८० मध्ये. नव्या राजवटीला जगाला पटवून द्यायचं होतं की आम्ही आक्रमण केलं नाही, सुटका केली. शिवाय नवे सत्ताधारीही कम्युनिस्टच, आणि त्यांतले कित्येक स्वतः ख्मेर रूज सोडून आलेले. म्हणून दोष सबंध चळवळीवर न टाकता ‘पोल पॉट आणि येंग सारी यांच्या टोळी’वर टाकला गेला. पुढे तीन दशकांहून अधिक काळ पंतप्रधान राहिलेले हुन सेनही त्यांतलेच. ते ख्मेर रूजच्या सैन्यात अधिकारी होते आणि १९७७ मध्ये व्हिएतनामला पळून गेले.

म्हणजे हे संग्रहालय पहिल्या दिवसापासून प्रचाराचंही साधन होतं. पण त्यातला पुरावा खरा होता. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, हे आपल्याला मान्य करायला जड जातं.

आणि जगाने काय केलं? सप्टेंबर १९७९ मध्ये, म्हणजे तुरुंग सापडून आठ महिने झाल्यावर, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत कंबोडियाच्या खुर्चीवर कुणी बसायचं यावर मतदान झालं. ७१ विरुद्ध ३५ मतांनी ती खुर्ची ख्मेर रूजच्याच सरकारकडे राहिली. चीन त्यांच्या पाठीशी होता, आणि व्हिएतनामवरच्या रागापोटी अमेरिका आणि ब्रिटनही. याच अमेरिकेने १९६९ ते १९७३ या काळात कंबोडियाच्या खेड्यांवर अंदाजे पाच लाख टन बॉम्ब टाकले होते, आणि त्या उद्ध्वस्त खेड्यांतूनच ख्मेर रूजला पोरं मिळाली. भारताने इंदिरा गांधींच्या सरकारात, जुलै १९८० मध्ये, नव्या सरकारला मान्यता दिली. कम्युनिस्ट गटाबाहेरचा असा तो पहिला देश. हे आपल्या परराष्ट्र धोरणाचं मोठं श्रेय आहे, आणि आपल्या सहलींमध्ये ते कुणी सांगत नाही. १९८६ ते १९९३ या काळात यादवी चालू असताना आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंकोरवाटच्या जतनासाठी तिथे काम करत होती. अंकोरवाटला आपला माणूस ‘बघा, आपल्या विष्णूचं देऊळ’ म्हणून छाती फुगवतो. तुओल स्लेंगला आला की तो एकदम त्रयस्थ होतो. खरं तर एस-२१ च्या परदेशी कैद्यांमध्ये भारतीयांचाही उल्लेख येतो.

चुंग एक शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. पूर्वी तिथे फळबाग आणि चिनी दफनभूमी होती. एस-२१ मधले कैदी रात्री ट्रकने तिथे नेत. गोळी महाग म्हणून कुदळ, पहार, बैलगाडीचा कणा वापरत आणि किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून ध्वनिक्षेपकावर गाणी लावत. १२९ खड्ड्यांपैकी ८६ उकरले, त्यांत ८,९८५ जणांचे अवशेष मिळाले. बाकीचे तसेच ठेवले आहेत. पावसाळ्यात जमीन धुपली की वाटेवर कापडाची चिंधी, दात, हाडाचा तुकडा वर येतो आणि कर्मचारी तो गोळा करतात. एका झाडावर तान्ही मुलं पाय धरून आपटली जात. त्या झाडाला आता येणारेजाणारे रंगीबेरंगी कडी-दोरे बांधून जातात. मधोमध १९८८ मध्ये उभारलेला काचेचा उंच स्तूप आहे आणि आत मजल्यामजल्याने कवट्या रचलेल्या आहेत.

इथे मी जे म्हणतोय ते समजून घ्यायला अस्थींचा वाद माहीत हवा. कंबोडिया बौद्ध देश आहे. मृताचं दहन झालं नाही, त्याच्या नावाने विधी झाले नाहीत, तर तो शांत होत नाही, भटकत राहतो, अशी तिथली श्रद्धा आहे. आपल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. राजे नोरोदोम सिहानुक यांचं म्हणणं होतं की या अस्थींना आता अग्नी द्यावा. त्यांची स्वतःची काही मुलं आणि नातवंडं ख्मेर रूजच्या काळात गेली होती. हुन सेन यांचं सरकार म्हणालं, अस्थी हा पुरावा आहे, तो राखायचा. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने तसं परिपत्रक काढलं. त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट होती. पोल पॉटचा शेवटचा गड असलेल्या आन्लोंग वेंगचा ऐतिहासिक पर्यटनासाठी विकास करायचा. पुरावा आणि पर्यटन, एकाच कागदावर. तुओल स्लेंगमध्ये तीनशे कवट्या मिळून केलेला कंबोडियाचा नकाशा भिंतीवर होता. तो २००२ मध्ये उतरवला, पण कवट्यांचं दहन झालं नाही.

हे ज्याच्यासाठी राखलं तो जगाच्या न्यायालयातला साक्षीदार. त्याने पाहावं, नाकारू नये, म्हणून एका समाजाने आपली माणसं अग्नीविना काचेत ठेवली. हा फार मोठा खर्च आहे आणि तो आपण केलेला नाही. त्यामुळे ‘तिथे जाणं योग्य की अयोग्य’ हा प्रश्न मला उथळ वाटतो. बोलावणारे बोलावून बसले आहेत. कबूल आहे की बोलावलं ते सरकारने, मेलेल्यांनी नाही. पण खटला उभा राहिला तो या पुराव्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने २००६ मध्ये काम सुरू केलेल्या न्यायालयाने दुचला २०१० मध्ये शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये ती जन्मठेपेपर्यंत वाढवली. निकालपत्रात एस-२१ मधल्या किमान १२,२७२ जणांची हत्या नोंदली गेली. नंतरच्या याद्या याहून मोठ्या आहेत. पोल पॉट या न्यायालयाच्या आधीच, १९९८ मध्ये मेला. न्यायालय २०२२ मध्ये आटोपलं तेव्हा शिक्षा झालेले एकूण तीन. तेवढ्यासाठी ही हाडं राखायची होती का, असं कुणी विचारलं तर मी ‘हो’ म्हणेन, पण जरा थांबून.

साक्षीदाराचं पहिलं कर्तव्य रडणं हे नाही. त्याने जे आहे ते नीट पाहावं, त्यात भर घालू नये, वगळू नये. इथे आपण सगळेच कमी पडतो, आणि नुसते सेल्फीवाले नाही. सेल्फीवाल्यांवर बोलणं सोपं आहे. तुओल स्लेंगमध्ये हसऱ्या चेहऱ्यावर फुली मारलेली पाटी आहे. २०१६ मध्ये तिथे मोबाइलवर पोकेमॉन शोधत हिंडणाऱ्यांना बाहेर काढावं लागलं. हे लोक वाईट वागले, पण त्यांनी साक्ष बिघडवली नाही. ती बिघडवली सुशिक्षितांनी. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने एस-२१ मधले २२ फोटो कलाकृतीसारखे भिंतीवर लावले. ही माणसं कोण हे प्रेक्षकाला कळायची सोय नव्हती. २०२१ मध्ये एका आयरिश कलाकाराने या फोटोंमध्ये रंग भरले आणि काही चेहऱ्यांवर हसू चढवलं. एका नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या संकेतस्थळाने ते छापलं, कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केल्यावर काढलं. मरणाच्या दारात आणलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला सहन होईल असा करून घ्यायचा, हे त्या पोकेमॉनपेक्षा फार वाईट आहे.

आपण साध्या प्रवाशांनी बिघडवलेली गोष्ट लहान आहे पण त्याच जातीची. ‘हजारो आत गेले आणि फक्त सातच वाचले’ हे वाक्य प्रत्येक प्रवासवर्णनात असतं. ते तोंडात बसतं. कंबोडियाच्या डॉक्युमेंटेशन सेंटरने कागद तपासले तेव्हा निघालं की १९७५ ते १९७८ या काळात किमान १७९ जणांना सोडून दिलं होतं आणि शेवटी वाचलेलेही सातापेक्षा जास्त, सुमारे तेवीस होते. आकडा मोठा झाल्याने गुन्हा लहान होत नाही. पण गोष्ट चांगली व्हावी म्हणून आकडा लहान ठेवणं, हे साक्षीदाराने करायचं काम नव्हे.

वाचलेल्यांपैकी चुम मे आणि बोउ मेंग अनेक वर्षं त्याच अंगणात टेबल मांडून आपली पुस्तकं विकत. चुम मे यंत्रं दुरुस्त करायचा म्हणून जगला, बोउ मेंग पोल पॉटचं चित्र काढायचा म्हणून. दोघांच्याही बायका गेल्या. लोक पुस्तक घेत, खांद्यावर हात टाकून फोटो काढत आणि नंतर लिहीत की हे सगळं पाहून अस्वस्थ वाटलं, यातनांचा बाजार मांडलाय. मला यात गैर काही दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाने आपलीच गोष्ट विकून पोट भरलं तर त्याला बाजार म्हणणारे आपण कोण? उलट २००५ मध्ये चुंग एकचं व्यवस्थापन ३० वर्षांसाठी जपानी संबंध असलेल्या एका खाजगी कंपनीकडे दिलं गेलं, त्याबद्दल प्रवासी चकार शब्द काढत नाही, कारण ते दिसत नाही. दिसतो तो टेबलामागचा म्हातारा. आणि एक बाजार आहे ज्याबद्दल खरंच बोलायला हवं. टुकटुकवाला चुंग एकहून परतताना विचारतो, ‘शूटिंग रेंज?’ एके-४७ हाती देऊन गोळ्या झाडायला देतात, मॅगझिनप्रमाणे दर. आमच्यातले दोघे तरुण मिनिटभर थबकले. त्या रस्त्यावर तो प्रश्न विचारला जातो, कारण परदेशी पाहुणा हो म्हणतो.

कुणी म्हणेल, मुंबईत परदेशी लोक धारावी बघायला येतात तेव्हा तुम्हाला राग येतो, आणि इथे मात्र समर्थन करता. राग येतो, आणि तो बरोबर आहे. धारावीत माणसं राहतात, स्वयंपाक करतात, मुलांना शाळेत धाडतात. त्यांनी आपलं घर दाखवायला मांडलेलं नाही. दोन्हीला एकच तराजू लावला की दोन्हींवर अन्याय होतो.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने शिवछत्रपतींचे बारा किल्ले यादीत घेतले. महाराष्ट्रात पेढे वाटले गेले, आणि वाटायलाच हवे होते. त्याच दिवशी, त्याच अधिवेशनात कंबोडियाची तीन ठिकाणंही यादीत आली. तुओल स्लेंग, चुंग एक, आणि दुचने १९७५ च्या आधी जंगलात चालवलेला एम-१३ हा तुरुंग. रायगड आणि एस-२१ आता एकाच यादीतले शेजारी आहेत. एका देशाने आपल्या पराक्रमाची जागा जगापुढे ठेवली, दुसऱ्याने स्वतःच्या माणसांनी स्वतःच्या माणसांशी काय केलं त्याची. दुसरं जास्त अवघड आहे असं मला वाटतं. यादीत नाव आल्यावर गर्दी वाढते. आपल्याकडच्या सहल कंपन्या व्हिएतनाम-कंबोडिया एकत्र विकतातच, तेव्हा येत्या काळात मराठी माणसंही तिथे अधिक जातील.

म्हणून कार्यक्रम आखणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तुओल स्लेंग आणि चुंग एक एकाच दिवसात कोंबू नका. कोंबायचेच असतील तर त्या दिवशी राजवाडा, बाजार आणि बोट ठेवू नका. तुओल स्लेंगला तीन तास द्या आणि स्थानिक गाइडला तिचं बोलणं पुरं करू द्या, ‘चला, बस थांबलीय’ म्हणू नका. जाणाऱ्यांनी निघण्याआधी रिथी पान्ह यांचा २००३ चा एस-२१ वरचा माहितीपट पाहावा. तुरुंगातून वाचलेले चित्रकार वान नाथ त्यात आपल्याच जुन्या पहारेकऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारतात. गाइडला विचारा की भिंतीवरचे हे लोक कोण होते, आणि ती सांगेल ते गैरसोयीचं असलं तरी घरी येऊन तसंच सांगा. वाचलेले सात होते असं लिहू नका. आणि परतीच्या रस्त्यावर टुकटुकवाल्याने शूटिंग रेंजचं विचारलं तर नाही म्हणा.